मुंग्यांचा कौल

धारला नीलकंठ वैद्यांचं घर कुणी विचारलं, तर लोक पत्ता असा सांगायचे: मुंज तलावाच्या कडेने सरळ जा, आणि ज्या घराच्या परसात सकाळच्या प्रहरी लघवीची परळं मांडलेली दिसतील, ते वैद्यांचं घर. सांगणारा गालात हसायचा, विचारणारा ओशाळायचा. वैद्यबुवांना मात्र त्यात काडीची लाज वाटत नसे. मधुमेह ओळखायची त्यांची एकच रीत होती. रोग्याची सकाळची पहिली लघवी मातीच्या परळात घ्यायची, परसातल्या कडुनिंबाखालच्या सपाट दगडावर ठेवायची आणि दगडावर ऊन येईपर्यंत थांबायचं. मुंग्या आल्या तर साखर आहे. किती आल्या, किती लवकर आल्या, काठावरच फिरल्या की आत उतरल्या, यावरून रोग किती मुरला आहे ते वैद्यबुवा सांगत. "नाडी चुकेल, जीभ चुकेल, मी चुकेन. मुंगीला कुणाची भीड नाही," असं त्यांचं नेहमीचं बोलणं. ते त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की पेठेतले टवाळ त्यांना पाठीमागे मुंगीशास्त्री म्हणत.

पण टवाळांचेही बाप-चुलते शेवटी त्यांच्याच ओसरीवर येऊन बसत. कारण नीलकंठरावांच्या हाताला यश होतं, आणि त्या यशाची द्वाही देवासपर्यंत फिरली होती. देवासला संस्थानच्या थोरल्या पातीचे एक मानकरी होते, तात्यासाहेब. अंगाने असे भरलेले, की पालखीचे भोई त्यांना बघून एकमेकांकडे बघायचे. त्यांना मधुमेह झाला, पायाची जखम भरेना, तेव्हा नीलकंठरावांना बोलावणं गेलं. वैद्यबुवांनी त्यांचा भात बंद केला, जवाची भाकरी सुरू केली, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण आणि गुडमारची पानं दिली, आणि रोज सकाळी देवीची टेकडी पायी चढायला लावली. वर्षभरात तात्यासाहेब निम्मे झाले. जखम भरली आणि मुंग्या परळाकडे फिरकेनाशा झाल्या. दरबारात शालजोडी मिळाली. आता खरं सांगायचं तर त्यात निम्मा वाटा त्या टेकडीचा होता. पण टेकडीला शाल कोण घालणार? ती नीलकंठरावांच्या खांद्यावर आली, आणि शालीबरोबर थोडा ताठाही आला.

घरात माणसं तीनच. बायको प्लेगात गेली, तेव्हा मुलगी प्रमोदिनी सात वर्षांची होती. तेव्हापासून नीलकंठरावांच्या थोरल्या विधवा बहिणीने, अक्काने, घर सांभाळलं आणि पोरीलाही आईसारखं वाढवलं. प्रमोदिनीला सगळे प्रमी म्हणत. पोर बोलकी, हट्टी आणि गोडाची वेडी. गुळाचा खडा गालात ठेवून ती तासभर गप्प बसायची. एरवी तिला गप्प बसवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

सन १९०७ ची दिवाळी झाली आणि त्यानंतर प्रमी पाणी प्यायला लागली. तांब्याने नव्हे, कळशीने. अक्काने आधी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की पोरीच्या परकराची नाडी महिन्यात तीनदा आवळावी लागली. खाणं दुप्पट आणि अंगावर मांस नाही. अक्काने भावाला सांगितलं. नीलकंठराव म्हणाले, "वाढीचं वय आहे. उंच होतेय." पण म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर अक्काला कळलं असतं, की हे त्यांना आठ दिवसांपूर्वीच दिसलं होतं. मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागलेली होती, आणि ती त्यांनी पाणी ओतून घालवली होती.

शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने परळ दगडावर ठेवलं. ऊन यायची वाट बघावी लागलीच नाही. दगड सावलीत असतानाच मुंग्या आल्या, काठावर चढल्या आणि आत उतरल्या. बघता बघता परळाचा काठ काळा झाला. नीलकंठराव उकिडवे बसून बघत राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण त्यांना जे ठाऊक होतं, ते धारमध्ये दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. हा रोग दोन तऱ्हांचा. एक जाडजूड, सुखवस्तू माणसाला होतो. त्याला झिजवायचं, चालवायचं, आणि मग तो तात्यासाहेबांसारखा वर्षानुवर्षं नांदतो. दुसरा बारीक अंगाच्या माणसाला, पोराबाळांना होतो. ग्रंथ म्हणतात, त्याला पोसावं. आणि बीजातूनच आला असेल, तर पुढे एकच शब्द लिहिलेला असतो: असाध्य. पोसावं तर साखर वाढते, आवरावं तर पोर झिजते. नीलकंठरावांनी पोथी बांधून फडताळात ठेवली आणि फडताळाला कडी लावली. जणू कडी लावली की तो शब्द आतच राहणार होता.

मग त्यांनी आकाशपाताळ एक केलं. बाजारातला वाळका गुडमार जुना असतो, म्हणून ते स्वतः मांडूच्या रानात गेले. तिथे झीतरी नावाची एक म्हातारी भिल्लीण त्यांना वर्षानुवर्षं पाला काढून देत असे. गुडमारचा वेल, ज्याला घाटावर बेडकीचा पाला म्हणतात, तिच्यासारखा कुणाला सापडत नसे. नीलकंठरावांनी प्रत्येक वेलाचं पान चावून बघितलं, आणि मागोमाग गुळाचा खडा जिभेवर ठेवला. पान सकस असेल तर गूळ माती लागतो, घटकाभर जिभेला गोड म्हणून कळत नाही. सहा वेल त्यांनी टाकून दिले. सातव्याच्या पानाने गूळ अगदी ओल्या मातीसारखा लागला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"कोणासारू हे, महाराज?" झीतरीने विचारलं.

"माझ्या मुलीसाठी."

म्हातारीने पानं फडक्यात बांधता बांधता हात थांबवला. "छोरी कित्ती बडी हे?"

"अकरा वर्षांची."

 दरवेळी झीतरी एक जुडी मोजून द्यायची, त्या दिवशी तिने सगळा वेलच ओरबाडून दिला आणि बदल्यात नेहमीचं धान्य घेतलं नाही. नीलकंठरावांना तिचा राग आला. कुणी दया दाखवली की रोग खरा ठरतो, असं त्यांना त्या दिवसांत वाटायचं.

घरी रोजचा क्रम बसला. बिजाच्या झाडाच्या, म्हणजे घाटावरच्या बिबळ्याच्या, लाकडाचा पेला करून आणला होता. त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी उन्हात धरलं, की त्यावर निळसर झाक दिसे. प्रमी ते एका दमात प्यायची. मग कारल्याचा रस, मग जांभळाच्या बियांचं चूर्ण, मग जवाची अर्धी भाकरी आणि मुगाचं पाणी. जेवायच्या आधी गुडमारची दोन पानं चावायची, म्हणजे गोडाची आठवणच होऊ नये. पोर भुकेने कासावीस व्हायची. अक्का स्वयंपाकघरात पाठमोरी होऊन रडायची. एकदा प्रमी गुळाच्या डब्याशी बापाला सापडली. डबा उघडून ती नुसता वास घेत होती. "खात नाहीये हं नाना," ती घाईघाईने म्हणाली, "फक्त नाकाने."

संक्रांतीला आळीतल्या मुली तिळगूळ द्यायला आल्या. प्रमीने आधीच पान चावलं होतं. तिने एक लाडू जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या पोरींना हसवत म्हणाली, "तिळगूळ घ्या, माती माती बोला!" पोरी खिदळल्या. नीलकंठराव ओसरीवरून उठून आत गेले आणि बराच वेळ खलात काहीतरी कुटत बसले. खल रिकामा होता.

एवढं करून परळाचा काठ रोज काळा होतच होता. थोड्या कमी मुंग्या, थोड्या उशिरा, एवढाच काय तो फरक. आणि पोरीचे खांदे खुंटीवर टाकलेल्या सदऱ्यासारखे दिसायला लागले होते. संस्थानच्या दवाखान्यातले डॉक्टर दत्तोपंत हे नीलकंठरावांचे जुने स्नेही. ते एक दिवस आपण होऊन आले. त्यांच्याजवळ एक निळं औषध होतं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळलं आणि साखर असली, की निळ्याचं विटकरी होई. "वैद्यबुवा, मुंग्यांना दुसरीही कामं असतात," दत्तोपंत म्हणाले. "पाठवत जा माझ्याकडे. दोन पळांत सांगतो."

"इलाज आहे तुमच्याकडे?"

दत्तोपंतांनी मान हलवली. "नाही. कुणाकडेच नाही. विलायतेतही नाही."

"मग तुमची बाटली काय करायचीय मला? साखर आहे हे मला मुंग्या सांगतात." नीलकंठरावांचा आवाज चढला. दत्तोपंत पागोटं उचलून गेले. माणूस भला होता, मनावर घेतलं नाही. पण त्या दिवशी नीलकंठरावांनी ऐकायला हवं होतं. एका शालीपायी आणि एका वाक्यापायी माणूस किती आंधळा होतो, ते पुढे दिसेलच.

माघात देवासहून तात्यासाहेबांचा निरोप आला. त्यांच्या संग्रही मधुमेहावरचा वसंतकुसुमाकर रस होता, सोन्यामोत्याचा, कुणा नामांकित वैद्याने स्वतः घोटलेला. तो मुलीसाठी घेऊन जावा. नीलकंठराव महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बैलांच्या दमणीत बसले. निघताना अक्का दारापर्यंत आली.

"निळू, तिथे टेकडीवर देवी आहे. एकदा वर जाऊन ये."

एरवी त्यांनी तिची थट्टा केली असती. नवससायासांना ते कायम हसत आले होते. अक्काने एकदा कुणा बाबाचा अंगारा आणला, तर त्यांनी तो खलात घालून, "याचं अनुपान काय?" असं विचारलं होतं. पण त्या दिवशी ते नुसते "बरं" म्हणाले.

आणि खरोखरच गेले. तात्यासाहेबांनी डबी हातात दिली, आग्रहाने ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलकंठराव टेकडी चढले. ज्या पायऱ्यांवर त्यांनी तात्यासाहेबांना घाम गाळायला लावला होता, त्याच पायऱ्यांवर त्यांना स्वतःला दोनदा बसावं लागलं. वर देवीपुढे उभं राहिल्यावर काय मागायचं ते त्यांना सुचेना. शेवटी लहान मुलासारखे हुंदके देत ते एवढंच म्हणाले, "मला काही येत नाही गं. मला काही येत नाही." गुरव बघत राहिला. मग रोज सकाळी ते टेकडी चढत राहिले, आणि आठव्या दिवशी धारला परत निघाले.

घरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी परळ दगडावर ठेवलं. ऊन दगडावर आलं. एकही मुंगी नाही. ऊन परळात उतरलं, तरी नाही. त्यांनी दगड बदलला, परळ बदललं. तिसऱ्या दिवशी तेच. सातव्या दिवशी तेच. त्यांचा विश्वासच बसेना, म्हणून त्यांनी पेठेतल्या एका जुन्या रोग्याला परळ आणायला सांगितलं आणि ते शेजारी ठेवलं. त्याच्याही परळाला फक्त दोन-चार चुकार मुंग्या लागल्या. तेव्हा नीलकंठराव काय म्हणाले असतील? म्हणाले, "बघा, तुम्हांलाही उतार पडतोय." रोगी खूश होऊन गेला.

नीलकंठराव देवघरात जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. सोन्यामोत्याची मात्रा लागू पडली, देवी पावली, गुडमार सकस निघाला. ज्याला जे श्रेय द्यायचं ते त्यांनी देऊन टाकलं. अक्का दारात उभी होती. "निळू, खरंच?" तिने विचारलं. "मुंग्या गेल्या, अक्का," ते म्हणाले. अक्काने पदर डोळ्यांना लावला. ती काहीतरी सांगणार होती, पण ओठांवर आलेलं तिने गिळलं.

पोर मात्र तशीच होती. पाणी तेवढंच प्यायची. नीलकंठराव म्हणाले, फाल्गुनाचं ऊन आहे. वजन वाढत नव्हतं. ते म्हणाले, रोगाने खाल्लेलं अंग हळूहळू भरतं. दुपारी ती बसल्या जागी डोळे मिटून घ्यायची. ते म्हणाले, अशक्तपणा आहे. मला या माणसाचा इथे फार राग येतो. दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर यांनीच तिच्या बापाला झापलं असतं, की डोळे फुटले का तुमचे. पण आशा लागली, की शहाण्यातला शहाणा माणूस आपल्याला हवं तेच वाचतो.

दत्तोपंत वाटेत भेटले, तेव्हा त्यांनी पुन्हा बाटलीचा विषय काढला. नीलकंठरावांनी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मुंगीला कुणाची भीड नाही, डॉक्टर."

होळीला त्यांनी पथ्य मोडू दिलं नाही, तेवढं भान होतं. पण पाडवा आला आणि प्रमीने विचारलं, "नाना, मी बरी झाले ना? मग आज मला पोळी?" वर्षाचा पहिला दिवस, दारात गुढी, आणि तीन आठवडे कोरी राहिलेली परळं. नीलकंठराव म्हणाले, "आज पान चावू नकोस." पोरीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती टाळ्या वाजवत अक्काच्या भोवती नाचली, आणि दोन फेऱ्यांतच धापा टाकत खाली बसली.

तिने पुरणाची पोळी खाल्ली. पहिला घास तोंडात घेऊन ती थांबली आणि तिचे डोळे भरून आले. "नाना, गोड लागतंय! अक्का, गोड लागतंय गं!" दुसरी खाल्ली, वर श्रीखंड. नीलकंठरावांनी आपल्या हाताने वाढलं. चार महिन्यांची उपाशी पोर होती. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्या, तिसऱ्या दिवशी दूधगूळ. "खा गं बाई, पोटभर खा," अक्का म्हणायची, आणि घरात तीन दिवस खरोखर सण होता.

चौथ्या दिवशी प्रमीला उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी तिचा श्वास खोल आणि जड झाला, धावून आल्यासारखा, आणि पोर तर अंथरुणातून हललेलीही नव्हती. तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता. सहाव्या दिवशी सकाळी ती हाकेला ओ देईना. नीलकंठराव अनवाणी दत्तोपंतांकडे धावले. डॉक्टर आले, त्यांनी पोरीचा डोळा उघडून बघितला, मग स्वयंपाकघरातल्या चुलीवर त्यांनी पोरीच्या लघवीचे थेंब टाकलेली निळ्या औषधाची काचनळी धरली. निळं पाणी उकळलं, हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं.

"ही तर साखरेने भरलीय, नीलकंठराव," दत्तोपंत हळू आवाजात म्हणाले. "आजची नव्हे ही. हा रोग एक दिवसही गेलेला नव्हता."

"शक्य नाही. मुंग्या..."

ते परसात धावले. उरलेली लघवी परळात ओतून त्यांनी दगडावर ठेवली. गुडघे टेकून बसले. मुंगी नाही. डॉक्टरांच्या नळीत वीट आणि इथे मुंगी नाही! त्यांनी निंबाचं खोड बघितलं, मोरीची कड बघितली. तिथे रांगा होत्या, पण परळाला वळसा घालून चालल्या होत्या. एक रांग धरून ते तिच्यामागे निघाले. रांग कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली. नीलकंठरावांनी परसाचं मागलं दार उघडलं.

भिंतीपलीकडे पिंपळाच्या बुंध्याशी अक्का बसली होती. तिच्या मांडीवर सूप होतं, सुपात तुपावर भाजलेलं पीठ आणि पिठीसाखर. वारुळांच्या तोंडांशी ती चिमूट चिमूट सोडत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. बुंध्याभोवतीची सगळी जमीन मुंग्यांनी हलत होती. आळीतल्या, परसातल्या, निंबाखालच्या, सगळ्या मुंग्या तिथे होत्या.

भावाला बघून ती दचकली. मग म्हणाली, "आता कळलंच तुला, तर सांगते. कीडीनगरा म्हणतात रे इथले लोक. शेजारच्या मालवी बायका करतात. चाळीस दिवस मुंग्यांना पीठसाखर घालायची, कुणाला न सांगता. लाखो जीव जेवतात, त्यांचा आशीर्वाद लागतो. तू देवासला निघालास त्या दिवशी सुरू केलं. आज एकोणचाळिसावा. तू हसला असतास, म्हणून बोलले नाही." तिचा हात पुन्हा सुपात गेला. "उद्या पुरे होतील. उद्यापर्यंत निभेल ना रे आपली पोर?"

नीलकंठराव उभेच होते. त्यांना सगळं एकदम कळलं. देवासची टेकडी, सोन्यामोत्याची डबी, कोरी परळं, पाडव्याची पोळी. आणि आपण वाढलेलं श्रीखंड.  तोंड उघडून त्यांनी बहिणीकडे पाहिलं. साठीला आलेली बाई, गुडघे धरून रोज पहाटे उठलेली, स्वतःच्या एकभुक्त जेवणातलं तूप या पिठात घातलेलं. एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेच्या टोकावर होतं.

ते खाली बसले आणि त्यांनी सुपात हात घातला.

"निभेल," ते म्हणाले. "दे, मीही घालतो."

आणि बाप नि आत्या दोघं मिळून उरलेलं सगळं पीठ मुंग्यांना घालत बसली, सूप रिकामं होईपर्यंत. मग ती दोघं आत गेली.

प्रमी त्याच दिवशी दिवेलागणीला गेली. शेवटी तिचा श्वास हळूहळू लहान होत गेला आणि कधी थांबला ते कुणालाच कळलं नाही. अक्का मोठ्याने रडली. नीलकंठराव रडले नाहीत. ते तिचे तळपाय हातांत धरून बसले होते. कुणीतरी येऊन हात सोडवले.

दुसऱ्या दिवशी घराला सुतक होतं. सुतकात व्रत चालत नाही. चाळिसावा दिवस राहिला तो राहिलाच.

त्यानंतर नीलकंठरावांच्या परसात कुणी परळ पाहिलं नाही. येणाऱ्या प्रत्येक रोग्याला ते आधी दत्तोपंतांच्या बाटलीकडे पाठवत आणि मग पाला देत. पेठेतल्या त्या जुन्या रोग्याच्या घरी ते स्वतः गेले आणि त्याचं पथ्य पुन्हा सुरू केलं. शालजोडी त्यांनी धारेश्वराच्या पुजाऱ्याला देऊन टाकली. गुडमारसाठी मांडूला जाणं सुटलं नाही. झीतरीने एकदाच विचारलं, "छोरी?" त्यांनी मान हलवली आणि म्हातारीने पुन्हा ते नाव काढलं नाही. खूप वर्षांनी दत्तोपंत एक वर्तमानपत्र घेऊन आले. सातासमुद्रापलीकडे असं औषध निघालं होतं, की सुईने टोचलं तर अशी पोरं जगत होती. नीलकंठरावांनी ती बातमी दोनदा वाचली. "सत्तावीस वर्षांची झाली असती," ते म्हणाले आणि कागदाची नीट घडी घालून परत दिला.

प्रमीनंतर अक्का सोळा वर्षं जगली. सोळा वर्षं तिला एकच डाचत राहिलं, आणि ते दर पाडव्याला पोळी वाढताना हमखास बाहेर यायचं. "माझा एक दिवस कमी पडला रे, निळू. चाळीस पुरे झाले असते, तर पोर राहिली असती."

"नाही अक्का," ते दर वेळी म्हणायचे. "तुझं काही कमी पडलं नाही."

पाटावर बसण्यापूर्वी ते परसात जाऊन यायचे. तिथे फडक्यातली गुडमारची दोन पानं काढून सावकाश चावायचे, चूळ भरायचे आणि मग येऊन बसायचे. अक्काला वाटायचं, भाऊ सणाच्या दिवशी आधी परसात जाऊन लेकीला आठवतो.

"गोड झालीय का रे पोळी?" ती विचारायची.

तोंडातला घास मातीसारखा घोळवत नीलकंठराव म्हणायचे, "झालीय, अक्का. वाढ अजून अर्धी."